झांबेझीची सामाईक विहीर

पहिला दिवस

आदिस अबाबाला विमान बदलून दुपारी लुसाकाला उतरलो. भाचा विमानतळावर आला होता. तीन वर्षं तो मागे लागला होता, "मामा, एकदा या, व्हिक्टोरिया धबधबा दाखवतो." धबधबा बघू सावकाश, पण आधी मला करिबाला न्यायचं, असं तिकीट काढतानाच मी त्याला बजावून ठेवलं होतं.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. मी कोयनाकाठचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमचं घर पडलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडिलांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात टाकलं, एवढंच आठवतं. पुढे नोकरीही तिथेच मिळाली, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात, आणि एकतीस वर्षं तिथेच गेली. धरणात साठलेल्या पाण्यामुळे भूकंप होतात का, हा विषय निघाला की जगातल्या चार-पाच धरणांची नावं कायम घेतली जातात. त्यात कोयनेच्या शेजारी करिबा असतं. करिबाचा तलाव भरत आला तेव्हा, सप्टेंबर १९६३ मध्ये, तिथे सहा रिश्टरच्या वरचा धक्का बसला होता. त्यानंतर चार वर्षांनी आमच्याकडे. हे प्रथम ऐकलं तेव्हापासून करिबा मला परक्या देशातलं धरण वाटलंच नाही. लांबच्या गावी दिलेल्या आत्याचं घर असावं, नाव रोज ऐकायचं आणि जाणं मात्र कधी होत नाही, तसं ते वाटत आलं.

भाच्याच्या घरी छतावर सोलर पॅनल, जिन्याखाली बॅटऱ्यांची रांग. झांबियाची ऐंशी टक्क्यांहून जास्त वीज पाण्यावरची. २०२४ चा दुष्काळ पडला तेव्हा लुसाकात काही भागांत दिवसाचे वीस-वीस तास अंधार होता. भाचेसून सांगत होती, "मामा, रात्री दीडला वीज यायची. मग उठायचं, पंप लावायचा, मिक्सर लावायचा, मुलाचे गणवेश इस्त्री करायचे. चारला परत गेली." लोडशेडिंग आपणही भोगलंय. पण इथे शाळकरी पोरांनाही तलावाची पातळी तोंडपाठ असायची, हे मला नवं होतं.

दुसरा दिवस

सकाळी सातला निघालो. भाच्याला सुट्टी नव्हती, त्यानं ओळखीची गाडी करून दिली. चालक पस्तिशीचा, शांत, आणि नेमका टोंगा समाजाचा. झांबेझी नदीच्या ज्या खोऱ्यात करिबाचा तलाव झाला, ते खोरं याच लोकांचं.

काफुए गाव गेलं की रस्ता डोंगरात शिरतो. पुढे उतार लागतो, आणि तांब्याचे पत्रे लादलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत उतरत असतात. आपला कुंभार्ली घाट ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. उतरू लागलं तशी हवा तापली. ऑगस्ट म्हणजे इकडची थंडी, तरी खाली खोऱ्यात अंगातला स्वेटर काढावा लागला. दोन्ही बाजूंना मोपानीचं पानगळीला लागलेलं रान, मधून मधून गोरखचिंचेची भलीमोठी झाडं. गोरखचिंच आपल्याकडे एखाद-दुसरी असते आणि तिला नाव असतं, पार असतो. इथे त्या बांधावरच्या बाभळीसारख्या उभ्या आहेत.

चिरुंडूच्या अलीकडे उजवीकडे तलावाकाठच्या सियावोंगा गावाचा फाटा लागतो. थोड्या वेळानं लुसितू आलं. चालक म्हणाला, "माझी आजी इथे असते. परत येताना थांबू, चालेल ना?" मग त्यानं भाच्याचं आणि माझं नातं विचारलं. मी त्याचा आईचा भाऊ म्हटल्यावर गडी खुलला. टोंगांत कूळ आईकडून चालतं, म्हणजे घरातला खरा वडीलधारा तो मामाच. माझा मान एकदम वाढला, तो प्रवास संपेपर्यंत टिकला.

वाटेत त्यानं आणखी एक शब्द शिकवला, मालेंदे. नदीकाठी, जुन्या जाणत्या पुरुषाच्या थडग्यापाशी किंवा एखाद्या झाडाखाली लहानशी जागा असायची, पाऊस लांबला की गाव तिथे जमायचं. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला पांढरीचं देऊळ म्हणता येईल, गावदेवीचं ठाणं. "गाव उठताना मालेंदे बरोबर नेता येत नाही," तो म्हणाला. "ते त्या जागेचंच असतं."

संध्याकाळी सियावोंगाला पोहोचलो. तलाव पहिल्यांदा दिसला तो समुद्रासारखाच. पलीकडचे डोंगर झिंबाब्वेचे. २८० किलोमीटर लांब. महाबळेश्वरावरून शिवसागर बघताना पाण्याच्या फाट्यांतून दऱ्या ओळखू येतात, इथे नजर टेकायला काही मिळत नाही. एकूण साठा १८० अब्ज घनमीटर, म्हणजे टीएमसीत सहा हजारांच्या पुढे. माझी कोयना १०५ टीएमसीची. साठ कोयना एका ठिकाणी.

रात्री जेवायला कापेंटा. बोटाएवढी चंदेरी मासळी, वाळवलेली, कांदा-टोमॅटोत परतून दिली, बरोबर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्शिमा. चव थेट सुकटीकडे जाणारी. हा मासा इथला नाही. टांगानिका सरोवरातून १९६७-६८ मध्ये आणून सोडला. नदीच्या माशांना तलावाचं मधलं खोल पाणी मानवेना, ते या परक्यानं भरून काढलं. जेवून बाहेर आलो तर पाण्यावर दूरवर दिव्यांची ओळ. तराफ्यांवर दिवे लावून खाली जाळं सोडतात, उजेडाला मासा गोळा होतो. झांबियाचे कुठले आणि झिंबाब्वेचे कुठले, ते अंधारात कळत नव्हतं.

तिसरा दिवस

आजचा दिवस भिंतीचा.

सियावोंगापासून रस्ता वळणं घेत डोंगराच्या खांद्यावरून जातो, आणि एका वळणावर करिबा घळ उघडते. मी गाडी थांबवायला लावली. आपली कोयना काळ्या दगडाची रबल काँक्रीटची, बुटकी, रुंद, स्वतःच्या वजनावर बसलेली. आमचे जुने लोक म्हणायचे, म्हैस बसावी तशी बसलीय. करिबाची भिंत तशी नाही. १२८ मीटर उंच, आणि उंचीच्या मानानं किती बारीक! धनुष्य ओढून धरावं तशी ती पाण्याकडे फुगलेली आहे, आडवीही आणि उभीही. सगळा रेटा ती दोन्ही काठांच्या खडकात ढकलते. एक खांदा झांबियाच्या डोंगरात, दुसरा झिंबाब्वेच्या. यातला एक काठ हलला तर दुसऱ्याच्या हातात काही राहत नाही. फ्रेंच अभियंता आंद्रे कोइन याचा आराखडा, बांधणारे इटालियन, पैशात सर्वांत मोठा वाटा जागतिक बँकेचा, १९५६ सालचं ८ कोटी डॉलरचं कर्ज.

तेव्हा हे दोन देश नव्हतेच. उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांचा ब्रिटिशांनी एक संघ केला होता. उत्तरेकडच्या तांब्याच्या खाणींना वीज हवी होती, दक्षिणेकडच्या कारखान्यांनाही. घळीत १९५५ च्या शेवटी काम सुरू झालं. १९५७ ला पूर आला. लोक म्हणाले, असा पुन्हा येणार नाही. १९५८ च्या मार्चमध्ये त्याच्या दुप्पट आला, सेकंदाला १६,००० घनमीटर, आणि झुलता पूल, कॉफर डॅम म्हणजे कामापुरता घातलेला तात्पुरता बांध, सगळं पाण्याखाली. टोंगांना त्याचं नवल वाटलं नाही. नदीत न्यामी न्यामी राहतो, धड सापाचं, डोकं माशाचं. भिंतीमुळे तो एकीकडे आणि त्याची बायको दुसरीकडे, अशी ताटातूट होणार होती, म्हणून तो चिडला, असं आजही सांगतात. तरी डिसेंबर १९५८ ला घळ बुजवली आणि पाणी साठू लागलं. १७ मे १९६० ला ब्रिटनच्या राजमातेनं उद्घाटन केलं.

चौकीवर पासपोर्ट दाखवून, नाव लिहून भिंतीवर चालत जाता येतं. मी सावकाश चाललो. डाव्या हाताला खाली घळ, उजवीकडे तलाव, पायाखाली ट्रकांनी गुळगुळीत झालेला रस्ता. मधे एका ठिकाणी दोन देशांची हद्द आहे. तिथे उभं राहून कठड्यावरून खाली पाहिलं. भिंतीतच सहा दरवाजे आहेत, आणि ते उघडले की पाणी एकदम खालच्या कुंडात कोसळतं. साठ वर्षांत त्या मारानं तळाच्या खडकात सुमारे ८० मीटर खोल खड्डा पडला. तो खणत खणत भिंतीच्या पायाकडे सरकू लागला, ही काळजीची गोष्ट. दुसरं दुखणं काँक्रीटचंच. आतल्या रसायनक्रियेनं काँक्रीट वर्षानुवर्षं फुगत गेलं आणि दरवाजांच्या खाचा बिघडू लागल्या. दोन्हींची दुरुस्ती २०१७ पासून हाती घेतली, युरोपीय संघ, जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक आणि स्वीडन यांचा पैसा लावून. खड्डा भरायचा नाही, उलट तो रुंद करायचा, घळीच्या उताराच्या दिशेनं पसरट करायचा, म्हणजे पाण्याचा जोर भिंतीपासून लांब जाऊन जिरेल. हे वाचलं होतं, पण कठड्यावरून खाली बघताना पटलं. ज्यानं कधी सांडवा सुटलेला जवळून ऐकलाय, ज्याच्या छातीत तो आवाज घुमलाय, त्याला या कामाची निकड वेगळी समजावून द्यावी लागत नाही. हे काम वेळेवर उचललं याचं मला मनापासून समाधान वाटलं.

वीजगृहं दोन, दोन्ही डोंगराच्या पोटात. दक्षिणेचं आधी, भिंतीबरोबरच झालेलं. उत्तरेचं १९७६ चं. आत जाता आलं नाही. पण बोगद्याच्या तोंडाशी उभं राहिलो तेव्हा तळपायाला ती बारीक थरथर लागली. एकतीस वर्षं ती माझ्या पायांत होती. निवृत्तीनंतर पहिले काही महिने जमीन निपचित पडल्यासारखी वाटायची.

चौथा दिवस

दोन्ही देशांचे व्हिसा आधीच काढले होते. सकाळी झिंबाब्वेच्या बाजूला गेलो. करिबा गाव डोंगरांवर विखुरलेलं आहे, आणि रस्त्यात हत्तीची ताजी लीद. रात्री हत्ती गावातून फिरतात, त्याचं कुणाला काही नाही.

उंचावर सांता बार्बराचं गोल चर्च आहे, इटालियन कामगारांनी बांधलेलं. भिंतीच्या कामात ८६ माणसं गेली, त्यांची नावं तिथे कोरली आहेत. मी एकेक नाव वाचलं. उच्चार येत नव्हते, तरी वाचलं. बोगद्यात गेलेल्या माणसांची नावं वाचल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही माझी जुनी सवय.

निरीक्षणाच्या जागेवरून भिंत पूर्ण दिसते. तिथेच न्यामी न्यामीची मूर्ती, आणि बाजूला काठ्या कोरणारे कारागीर. अख्ख्या काठीभर साप वेटोळे घेत वर चढतो आणि मुठीशी माशाचं तोंड उघडतो. लाकडाच्या एकाच तुकड्यातून एका कारागिरानं एकमेकांत अडकलेल्या सुट्या कड्या काढल्या होत्या, सांधा कुठेच नाही. मी ती कडी कितीदा फिरवून पाहिली. एक काठी घेतली.

दुपारी सावलीत बसून या दोन देशांच्या वाटणीचा विचार करत होतो. १९६३ च्या शेवटी संघ मोडला. १९६४ ला उत्तरेला झांबिया स्वतंत्र झाला. १९६५ ला दक्षिणेत गोऱ्यांच्या सरकारनं परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि दोघांत वैर आलं. वीजगृह तेव्हा एकच, तेही दक्षिणेच्या डोंगरात. म्हणजे झांबियाच्या तांब्याच्या खाणींची कळ शत्रूच्या घरात. १९७३ ला सीमा बंद झाली, तरी तलाव बंद करता आला नाही. उत्तरेचं वीजगृह त्याच काळात उभं राहिलं. पुढे १९८० ला झिंबाब्वे झालं, आणि १९८७ ला दोन्ही देशांनी सारखाच कायदा करून झांबेझी नदी प्राधिकरण नेमलं.

हे प्राधिकरण काय करतं, ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल. सामाईक विहीर आहे, दोन भाऊ आहेत, आणि पाळी तिसरा माणूस ठरवतो. वीज करायला तलावाची पातळी ४७५.५० ते ४८८.५० मीटर या टप्प्यात हवी. या तेरा मीटरांत ६५ अब्ज घनमीटर पाणी मावतं, त्यावर दोन देशांचा संसार. पाऊसपाणी बघून दरवर्षी पाणी वाटून देतात, निम्मं-निम्मं. २०२४ साठी दोघांना मिळून फक्त १६ अब्ज घनमीटर. नोव्हेंबर २०२२ मध्ये वापरता येण्याजोगं पाणी पाच टक्क्यांखाली आलं, आणि झिंबाब्वेनं आपला हिस्सा आधीच ओलांडला होता. प्राधिकरणानं त्यांना वीजनिर्मिती थांबवायला लेखी कळवलं. सख्ख्या भावांत पाळीवरून कुऱ्हाडी निघालेल्या मी पाहिल्यात. इथे दोन सार्वभौम देश एका पत्रावर बोलणी करायला बसतात, याबद्दल मला फार आदर वाटतो.

पण सात-बाऱ्यावर एक नाव नाही. ज्यांच्या वावरात ही विहीर पडली ते टोंगा. सुमारे ५७,००० माणसं उठवली, नदीच्या दोन्ही काठांची. पाणी चढू लागलं तेव्हा बेटांवर अडकलेल्या जनावरांना वाचवायला मोहीम निघाली, रुपर्ट फॉदरगिल आणि त्यांचे सहकारी होडीतून हरणं, रानडुकरं, गेंडे काढत होते. जनावरांच्या पायांना काचू नये म्हणून बायकांनी वापरलेले नायलॉनचे मोजे पाठवले, त्यांचे दोर वळले. सहा हजारांवर जनावरं वाचली. चांगलंच काम होतं. त्याच्या थोडंच आधी, सप्टेंबर १९५८ मध्ये, उत्तर काठावरच्या मुखिया चिपेपोच्या लोकांनी गाव सोडायला नकार दिला. पोलिसांनी गोळीबार केला. आठ माणसं मेली. मग ट्रक आले. मोज्यांच्या त्या दोरांची गोष्ट मला आता कौतुकानं सांगता येत नाही.

पाचवा दिवस

लुसितूला दहाच्या सुमाराला पोहोचलो. चिपेपोच्या लोकांना आणून सोडलं ते इथेच, शंभरेक मैल लांब, अनोळखी जमिनीवर. पहिल्याच वर्षी इथे पन्नासहून अधिक माणसं दगावली, बहुतेक बायका आणि मुलं, आणि कशानं ते नीट उमगलं नाही.

रस्त्याकडेच्या दुकानांत वीज होती. आत दोन किलोमीटर मातीच्या वाटेनं गेल्यावर तारा संपल्या. चालकाची आजी गवताच्या छपराखाली चटईवर बसली होती. ऐंशीच्या आसपासची, केस पांढरेशुभ्र. घराच्या चौकटीला तळहाताएवढा सौरदिवा टांगलेला. मी तिला बामा म्हणालो, म्हणजे आई. वाटेत तेवढं शिकून घेतलं होतं.

नातू दुभाषा. उठवलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. तिला आठवतं ते शेत. नदीच्या पाण्याखालून निघालेल्या गाळात दुसरं पीक यायचं, म्हणून एका वर्षात दोनदा पेरणी. इथे एकदाच, तीही पावसाच्या मर्जीवर. ट्रकमध्ये बसताना कोंबड्या कशात घालायच्या यावरून तिची आई रडली होती, मोठं दुःख सोडून कोंबड्यांवरून. गोळीबाराचं मी विचारलं नाही. तिनंही काढलं नाही.

मग तिनं मला विचारलं, तू एवढ्या लांबून भिंत बघायला का आलास?

मी सांगितलं, माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलं. बामणोलीच्या वरच्या अंगाचं गाव. मामा लोकांना सोलापूरकडे पाठवलं. जावळीच्या डोंगरातली माणसं, ज्वारीच्या मैदानात. आमच्याकडच्या कितीतरी धरणग्रस्तांना अजून पूर्ण जमीन मिळालेली नाही, तिसरी पिढी धरणं धरून बसते. नातवानं हे सगळं आजीच्या भाषेत सांगायला बराच वेळ घेतला. ती मान हलवत ऐकत होती.

"तुझ्या आईला परत जाऊन बघता येतं?"

मी म्हटलं, कधी कधी. कडक उन्हाळ्यात, मे महिन्यात पाणी खाली गेलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो. एका वर्षी आईला होडीतून नेलं होतं. तिचं इथे तसं होत नाही. करिबाचं पाणी कितीही खाली गेलं तरी त्या तेरा मीटरांत खालीवर होतं, आणि नदीकाठची जुनी गावं त्याच्या कितीतरी खाली आहेत. २०२४ मध्येही ती उघडी पडली नाहीत.

फोनमधला फोटो दाखवला. भेगा पडलेला गाळ, मधे काळ्या दगडाचा चौथरा, आणि त्यावर पाठमोरी बसलेली आई. म्हातारीनं फोन डोळ्यांशी धरला. मग बोटानं एका कोपऱ्यावर टेकवून काहीतरी विचारलं. नातवाला कळेना. मी वाकून पाहिलं. चौथऱ्याच्या अलीकडे, चिखलात, आईच्या दोन चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. इतक्या वर्षांत माझ्या त्या लक्षात आल्या नव्हत्या.

"विचारतेय, एवढ्या चिखलात तिनं चपला कशाला काढल्या?"

देवळात चपला घालून जात नाहीत, मी म्हटलं.

नातू सांगायला तोंड उघडतो तोच ती म्हणाली, "मालेंदे," आणि फोन माझ्या हातात परत दिला.